सड्यावरची जीप आणि वाकलेला टाय रॉड

रत्नागिरीला येणारे पाहुणे बहुधा समुद्र पाहून परततात. भाट्याचा किनारा, मिरकरवाड्याचे बंदर, रत्नदुर्ग आणि थिबा राजवाडा झाला की गाडी गणपतीपुळ्याच्या नाही तर पावसच्या रस्त्याला लागते. शहराच्या आणि आसपासच्या गावांच्या डोक्यावर मैलोगणती पसरलेल्या सड्याकडे मात्र फार थोडे जण वळतात. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. पावसाळ्यात त्यावर हिरवे गवत आणि इवली रानफुले येतात, दिवाळीनंतर गवत पिवळे पडते आणि उन्हाळ्यात पायाखालचा कातळ तव्यासारखा तापतो.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत पावसच्या बाजूला मामेभावांकडे चार दिवस राहिलो. त्यांची हापूसची कलमे सड्याच्या कडेला आहेत. गावापासून बागेपर्यंत डांबर नाही. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मधून लाल मातीची वाट आणि वाटेत कातळाच्या पायऱ्या वर आलेल्या. या वाटेवर त्यांची जुनी महिंद्र जीप चालते. हंगामात आंब्याच्या पेट्या आणि राखणीची माणसे नेते, गावात रात्री-अपरात्री कुणाची तब्येत बिघडली की त्यालाही डांबरी रस्त्यापर्यंत आणते. आम्ही गेलो तेव्हा ती आंगणात फणसाखाली उभी होती. पुढची दोन चाके दोन दिशांना पाहत होती.

दगड आणि गाडी

जांभा हा मोठा विलक्षण दगड आहे. जमिनीतून काढताना तो ओला आणि मऊ असतो, हत्याराने चिरता येतो. हवा लागली की कडक होतो. म्हणूनच कोकणात त्याचे चिरे पाडून घरे, मशिदी, विहिरी आणि गडगे बांधले गेले. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश प्रवाशाने मलबारात हाच दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. याच सड्यांवर प्राचीन माणसाने हत्ती, मासे आणि मानवाकृती कोरल्या. उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ इथली ही कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. त्यामुळे सड्यावर गाडी नेणाऱ्याने पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की मळलेली वाट सोडून उघड्या कातळावर चाक घालायचे नाही. हजारो वर्षे टिकलेली रेघ टायरखाली झिजायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट गाडीच्या जिवाची. आमचे थोरले मामेभाऊ वीस वर्षे कुवेतला होते. वाळूत गाडी कशी चालवायची हे त्यांना चांगले ठाऊक. टायरमधली हवा कमी करायची, वेग तोडायचा नाही, स्टिअरिंग हलके धरायचे. पण वाळू चाकाला जागा देते, कातळ देत नाही. गवतात दडलेल्या जांभ्याच्या कडेवर चाक आपटले की तो धक्का टायरमधून थेट स्टिअरिंगच्या दांड्यांवर जातो. धाकट्या भावाच्या हातून पावसाळ्यानंतर हेच झाले. गवत वाढलेले, कड दिसली नाही, आणि टाय रॉड मधोमध धनुष्यासारखा वाकला.

ही जीप आपल्या वाचकांना आणखी एका कारणाने जवळची वाटावी. २ ऑक्टोबर १९४५ रोजी सुरू झालेल्या या कंपनीचे पहिले नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ होते. जे. सी. आणि के. सी. महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे भागीदार. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. लढाईसाठी बनलेली अमेरिकन विलीज जीप या कंपनीने आपल्याकडे जोडायला घेतली आणि तिच्या वंशातल्या गाड्या पुढे कोकणातल्या गावागावात पोहोचल्या.

चाक वळते ते कोणाच्या जोरावर?

जुन्या जीपखाली वाकून पाहिले तर सारे उघडेच असते. पुढच्या दोन चाकांमध्ये एक अखंड एक्सल आणि तो कमानीच्या पाट्यांवर बसलेला. आपण स्टिअरिंग फिरवले की स्टिअरिंग बॉक्समधून एक आखूड हात हलतो. तो ड्रॅग लिंक नावाच्या दांड्याला ढकलतो, ड्रॅग लिंक चाकाच्या नकलला वळवते. एका बाजूचे वळण दुसऱ्या चाकापर्यंत नेणारा जो आडवा लांब दांडा, तो टाय रॉड. प्रत्येक सांध्यावर एक बॉल जॉइंट असतो, त्यावर रबरी बूट, खाली नट आणि नट फिरू नये म्हणून स्प्लिट पिन.

टाय रॉड वाकला की त्याच्या दोन टोकांतले अंतर कमी होते. मग चाके एकमेकांकडे तरी झुकतात नाही तर एकमेकांपासून फाकतात. टायर घासत चालतो, त्याची एक कड लवकर झिजते, हात फिरवला तर करवतीसारखी धार लागते. ड्रॅग लिंक वाकली तर खूण वेगळी. दोन्ही चाके आपसांत सरळ असतात, पण गाडी सरळ धावत असताना हातातले स्टिअरिंग मात्र तिरके दिसते. एवढे दोन फरक माहीत असले तरी गॅरेजमध्ये आपण डोळे मिटून मान हलवत नाही.

तापवून सरळ केलेला रॉड

आम्ही पोहोचण्याआधी जीप एकदा रस्त्याकडेच्या एका गॅरेजात जाऊन आली होती. तिथे रॉड काढला, गॅसने लाल होईपर्यंत तापवला, ऐरणीवर ठोकून सरळ केला आणि परत बसवला. तासाभराचे काम, पैसेही थोडे. आठवडाभरात बागेच्या वाटेवर तो त्याच जागी पुन्हा वाकला. तेव्हा जीपमध्ये फवारणीची पाच माणसे होती. चढ होता, वेग नव्हता, म्हणून अल्लाहच्या कृपेने कुणाला काही झाले नाही. हेच पावसच्या उतारावर झाले असते तर?

वर्गात आम्ही मुलांना लोखंडी तार देतो. एकदा वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. तार दिसायला सरळ होते, पण पहिल्यासारखी राहत नाही आणि काही वेळांनी त्याच जागी तुटते. रॉडचेही तसेच. ज्या जागी पोलाद एकदा ताणले गेले तिथे आत बारीक चिरा पडलेल्या असू शकतात. आगीत लाल केले तर कारखान्यात पाणी देऊन आणलेली त्याची ताकद उतरते. शिवाय नजरेला सरळ वाटणाऱ्या दांड्यातही थोडा बाक उरतोच, आणि दोन्ही टोकांनी दाब आला की दांडा त्या बाकातूनच दुमडतो. म्हणून वाकलेला टाय रॉड सरळ करून घ्यायचा तो फक्त रानातून घरापर्यंत हळू येण्यापुरता. तो दुरुस्त झाला असे समजून त्यावर माणसे बसवू नयेत.

दुसरा देशी उपाय म्हणजे रॉडवर लोखंडी अँगल वेल्ड करणे. त्यात वेल्डिंगच्या कडेलाच पोलाद कडक आणि ठिसूळ होते आणि पुढचा तडा तिथेच जातो. ज्या भागावर गाडीची दिशा अवलंबून आहे त्यावर असे ठिगळ नको.

आंबा घाटापलीकडे

मिरजोळे एमआयडीसीच्या परिसरातल्या एका जाणत्या मिस्त्रींनी जीप वर घेतली, खाली सरकून बराच वेळ नुसते पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, “सर, नवा रॉड टाकतो. पण आधी सांगा, ही गाडी कोण चालवतो आणि मागे कोण बसतो?” धाकट्याने सांगितले. त्याचा बेत मोठे टायर, पुढे दिव्यांची पट्टी आणि पाटे उंच करून घेण्याचा होता. रॉडसाठी त्याने सर्वांत कमी पैसे बाजूला ठेवले होते.

मिस्त्रींनी क्रम उलटा केला. टायर जेवढा मोठा आणि जड, तेवढा प्रत्येक धक्का दांड्यांना अधिक जोराने बसतो. पाटे उंच केले की ड्रॅग लिंकचा कोन बदलतो आणि खड्ड्यात चाक वर-खाली झाले की स्टिअरिंग आपोआप ओढले जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने घातली आहेत, तेव्हा अशा गोष्टी आरटीओत विचारल्याशिवाय करू नयेत. आधी दांडे आणि सांधे, मग बाकीचे.

या जुन्या जीपचा नवा मूळ रॉड रत्नागिरीत लगेच मिळाला नाही. म्हणून तोच वाकलेला रॉड गोणपाटात गुंडाळून आम्ही आणि थोरले भाऊ एसटीने कोल्हापूरला निघालो. हातखंबा, पाली, दाभोळे, साखरपा करत गाडी आंबा घाट चढू लागली की लाल जांभा मागे पडतो आणि कड्यात काळा कातळ दिसू लागतो. मलकापूरनंतर उसाचा मुलूख. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०६ मध्ये उभी राहिलेली मुस्लिम बोर्डिंग पाहिली, जोहरची नमाज अदा केली आणि शिवाजी उद्यमनगर गाठले. लेथ, फाउंड्री आणि सुट्या भागांची ही वस्ती. इथल्या हवेलाच तापल्या लोखंडाचा वास आहे.

टर्नरने रॉड हातात घेतला, लांबी आणि आटे मोजले. साधे माइल्ड स्टील न घेता ‘ईएन एट’ नावाचे मध्यम कार्बनचे पोलाद त्याने सुचवले. दांडा एकसंध, मध्ये कुठेही वेल्ड नाही. दोन्ही टोकांना भोक पाडून आत आटे, एकीकडे सुलटे आणि दुसरीकडे उलटे. आटे असे का? दांडा जागेवरच एका दिशेने फिरवला की दोन्ही टोके एकाच वेळी बाहेर येतात, उलट फिरवला की आत जातात. चाकांची दिशा अशी अगदी बारीक जुळवता येते. बॉल जॉइंट मात्र मूळ मापाचेच आणि नामांकित कंपनीचे घ्यायचे, कारण त्यांची निमुळती खुंटी नकलच्या भोकात तंतोतंत बसावी लागते.

जाडीचे गणित आम्ही परतीच्या प्रवासात थोरल्या भावांना वहीवर करून दाखवले. भरीव गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास २० मिलिमीटरवरून २५ केला, म्हणजे जाडी सव्वापट झाली, तर विरोध जवळजवळ अडीचपट होतो. पाच मिलिमीटरचा हा फायदा. म्हणून उगीच दुप्पट जाड लोखंड घालण्यात अर्थ नसतो.

जाड तारेचा फ्यूज

गाडी खाली ठेवण्याआधी मिस्त्रींनी सांगितलेली एक गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. घरातला फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणी त्यात जाड तार घालतो. फ्यूज उडायचा थांबतो, आणि एक दिवस भिंतीतली वायरच जळते. टाय रॉडही काही अंशी असाच आहे. तो पातळ असताना धक्का खाऊन स्वतः वाकत होता. आता तो वाकणार नाही, म्हणून धक्का पुढे जाईल, नकलच्या हाताकडे, स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांकडे आणि ज्या चेसिसवर बॉक्स बसला आहे तिकडे. तिथे काही तुटले तर स्टिअरिंग हातात नुसते फिरत राहील.

त्यामुळे मजबूत रॉड बसवायचा तर साखळीतली प्रत्येक कडी त्याच दिवशी तपासायची. मिस्त्रींनी नकलचे हात घासून तडे पाहिले, किंग पिनचा ढिलेपणा पाहिला, बॉक्सचे बोल्ट आवळले, चेसिसवरचा रंग खरवडून चिरा शोधल्या. एक बॉल जॉइंट फाटक्या बुटातून शिरलेल्या लाल मातीने आणि पाण्याने गंजला होता, तो बदलला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे फाटका बूट म्हणजे संपलेला जॉइंट. नटांना नव्या स्प्लिट पिना घातल्या, जुन्या परत वापरल्या नाहीत. मग चाके दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून जाड रॉड पाट्याला किंवा आणखी कुठे घासतो का ते पाहिले, आणि अखेरीस अलाइनमेंट केली.

धाकट्याने स्टिअरिंग डॅम्पर बसवण्याबद्दल विचारले. मिस्त्री हसले. डॅम्पर चाकाची थरथर शोषतो हे खरे, पण ढिल्या सांध्यावर डॅम्पर म्हणजे तापावर पॅरासिटामॉल. ताप उतरतो, आजार तसाच राहतो. सांधे ठीक झाल्यावरच त्याचा उपयोग.

घरी काय पाहता येईल?

ज्यांच्याकडे जीप, बोलेरो किंवा तत्सम गाडी आहे त्यांनी महिन्यातून एकदा एवढे करावे. नव्या गाड्यांत अखंड एक्सल नसून दोन आखूड टाय रॉड असतात, पण तपासणी तीच.

गाडी सपाट जागी, चाके जमिनीवर. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवावे, दुसऱ्याने बाजूला वाकून प्रत्येक सांध्याकडे पाहावे. दांडा हलला पण पुढचा भाग उशिरा हलला, तर तो सांधा संपला. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू लागते. अशा वेळी ब्रेक लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आणि हात आत न घालता पाहावे.

दोन्ही पुढच्या टायरांच्या मध्यरेषांमधले अंतर एकदा पुढून आणि एकदा मागून, सारख्याच उंचीवर, टेपने मोजावे आणि वहीत लिहून ठेवावे. पुढच्या महिन्यात फरक मोठा आला की काहीतरी वाकले आहे. रबरी बूट, नट, स्प्लिट पिना नजरेखालून घालाव्यात.

आणि एक कळकळीची विनंती. आपल्याकडे गाडी उचलल्यावर खाली जांभ्याचा चिरा लावायची सवय आहे. चिरा भिंतीत भार पेलतो, पण टोकाच्या भाराखाली अचानक फुटतो. गाडीखाली जायचे तर लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे हवेत. नुसत्या जॅकवर किंवा चिऱ्यावर कधीही विसंबू नये.

मागे बसलेल्यांची अमानत

गाडी सुरू करताना आपल्या घरांत सवारीची दुआ पढली जाते, ही चांगली सवय आहे. पण उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला रसूलुल्लाह (स.) यांनी आधी बांध आणि मग भरवसा ठेव असेच शिकवले, हेही आपण मुलांना सांगतो. आजचा उंट लोखंडाचा आहे आणि त्याची दोरी म्हणजे हे दांडे, नट आणि पिना.

फवारणीला आलेला मजूर किंवा रात्री दवाखान्यात निघालेली गरोदर बाई गाडीखाली वाकून पाहत नाही. ती मालकाच्या शब्दावर चढते. तिचा जीव तेवढ्या वेळापुरता मालकाकडे अमानत असतो. मालकाच्या हौसेचा खर्च त्यानंतर येतो. थोरल्या भावांनी धाकट्याला यापेक्षा जास्त काही सांगितले नाही. मोठ्या टायरांचा विषय पुढच्या वर्षावर गेला, दिव्यांच्या पट्टीचे पैसे बॉल जॉइंट आणि टर्नरच्या मजुरीत गेले. तापवून सरळ केलेला जुना रॉड त्यांनी भंगारात घातला नाही, कारण तिथून तो दुसऱ्या कुणाच्या गाडीत जाण्याची भीती होती. करवतीने त्याचे दोन तुकडे केले आणि बागेच्या फाटकाला खुंट म्हणून गाडले.

आता थंडी सुरू होईल, कलमांना मोहोर येईल आणि बागांच्या वाटांवर वर्दळ वाढेल. इन्शाअल्लाह मार्चपासून पेट्या निघतील. त्याआधी एखादा रविवार काढून आपापल्या गाडीखाली एकदा वाकून पाहावे. बरोबर घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी घ्यावी, टेप त्यांच्या हातात द्यावी आणि आकडा त्यांनाच वहीत लिहू द्यावा.